तपासणी न झालेला आठवडा

शनिवारी सकाळी सहा वाजता तू घरातून निघालास. सात वाजून दहा मिनिटांनी जुनवानीच्या पुढच्या तलावाच्या बांधावर तू खाली बसलास. फिरायला आलेल्या दोघांनी तुला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात पोचलास तेव्हा तू गेलेला होतास. कॅमेरा गळ्यात होता. साडेआठला वहिनींचा मला फोन आला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि त्या रविवारी तपासणी झाली नाही.

आज बावीस दिवस झाले, दादा. लोक येऊन गेले. तुझ्याबद्दल 'देवमाणूस' हा शब्द निदान वीस जणांनी वापरला आणि मी प्रत्येक वेळी मान हलवली. बाहेर मी कोणाशी वाद घालत नाही, तुला माहीत आहे. माझं सगळं भांडण तुझ्याशीच असायचं. तेही तू अर्ध्यावर टाकून गेलास, म्हणून हे लिहायला बसले आहे. एक वाक्य लिहिते, उठते, चहा ठेवते, परत येते. तू असतास तर म्हणाला असतास, "लायब्ररी, इतक्या वेळात आमची मिल अर्धा किलोमीटर रूळ काढते." शाळेत ग्रंथपाल, म्हणून मी तुझी 'लायब्ररी'.

मला तुझा राग आला आहे. दुःख आहेच, पण ते रागाच्या मागे रांगेत उभं आहे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी निखिल तुझी पिशवी घेऊन माझ्याकडे आला. तीच, तू स्टील प्लांटमध्ये डबा न्यायचास ती खाकी पिशवी. तिच्यात कॅमेरा, छोटी लेन्स, जास्तीच्या दोन बॅटऱ्या, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि तुझा पिवळा फडका. तुझा मुलगा उभ्या उभ्याच बोलला, तुझ्यासारखा.

"आत्या, कार्डमध्ये एकशे त्रेचाळीस फोटो आहेत. पूरा हफ्ता. बाबांनी पाहिलेच नव्हते. तू पाहून घे ना. तुझे तो पता है ते कसे करायचे. जो पास होईल तो ठेव, बाकी डिलीट. मग मी कार्ड साफ करतो अन् कॅमेरा पुण्याला घेऊन जातो. परसों ट्रेन आहे माझी."

मागून वहिनींचा फोन आला. "ताई, तुमीच करा. तुमालेच समजते त्यायचं. त्यायनं कधी कचरा ठेवला नाई घरात."

म्हणजे तुझ्या जागी मला बसवलं. तुझे शेवटचे सहा दिवस माझ्यासमोर ठेवले आणि सांगितलं, दोष असेल ते पुसून टाक. दोन दिवसांची मुदत दिली.

तुला वाटत असेल, ठीकच आहे, यात रागवायचं काय.

हे वाचणाऱ्यांना तुझी पद्धत माहीत नाही. सदतीस वर्षं तू रेल मिलमध्ये तपासणीवर होतास. लालभडक पोलाद लाटून रूळ निघायचा, थंड व्हायचा, आणि मग तुम्ही चार-सहाजण त्याच्या कडेनं चालत जायचात, डोळ्यांनी, बोटांनी, बॅटरीच्या उजेडात. चीर दिसली, पापुद्रा दिसला, की खडूची खूण. पास नाही. त्या रुळाची बाजू घ्यायला कोणी येत नसे. रिटायर झालास, कॅमेरा घेतलास, आणि तीच पद्धत घरी आणलीस. रविवारी पोहे झाले की जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरायचा, चष्मा बदलायचा, आणि आठवड्याचे दीडदोनशे फोटो एकेक करून तपासायचे. पास व्हायचा एक. फार तर दोन. तो सिविक सेंटरच्या दुकानात छापायला जायचा आणि अल्बममध्ये बसायचा, खाली तारीख आणि तुझी बारीक सही. बाकीचे तिथल्या तिथे पुसले जायचे. कॉम्प्युटरवर एक प्रत नाही, कुठेच नाही. सोमवारी सकाळी कार्ड कोरं.

"ठेव ना रे बाजूला कुठंतरी," मी म्हणायची.

"रिजेक्ट माल बाजूला ठेवला का तो कधीतरी चांगल्या मालात मिसळते."

कॅमेरा घेतलास तो दिवस मात्र माझ्याकडून कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. सेवेत असतानाच वर्षभर तू त्याच्याबद्दल वाचत होतास; मी कादंबऱ्या वाचते तसा तू लेन्सचे तक्ते वाचायचास. रायपूरहून खोकं आलं. तू हात साबणानं धुतलेस, मग उघडलंस. माझी अपेक्षा मोठ्या, लग्नातल्या फोटोग्राफरसारख्या कॅमेऱ्याची होती. निघाली एक काळी, तळहातावर मावेल अशी पेटी.

"एवढाच?" मी म्हटलं.

"आतमध्ये आरसा नाई याच्या. जुन्या कॅमेऱ्यात आरसा राहे, त्याच्यासाठी जागा लागे. आरसा काढला, पेटी लहान झाली. गोष्ट खतम." मग तू तो माझ्या डोळ्याला लावलास. "आता पाह्य. फोटोत जे येणार तेच दिसते, आधीच. अंदाज नाई लावा लागत." आणि वरची चकती फिरवलीस. भर दुपारी अंगणात अंधार होत गेला, मग उजाडलं, मग इतकं उजाडलं की पेरूचं झाड पांढरं झालं. मी ओरडले. साठीला आलेला माझा भाऊ खदखदून हसला. तुला असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. (बघ, रागातही हे लिहिताना पेन थांबलं.)

मग सामान जमत गेलं. पक्ष्यांसाठीची लांब, जड लेन्स. मधली एक झूम. सगळ्यांत लाडकी ती छोटी, पस्तीस मिलिमीटरची, बिस्किटाच्या पुड्याएवढी. आपल्या गावात खिडकीची चौकट सकाळी पुसली तरी संध्याकाळी बोटाला लाल धूळ लागते, म्हणून तू नियम केलेस: प्लांटच्या बाजूचं वारं असेल तर बाहेर लेन्स बदलायची नाही, बदलताना कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, फुगा दाबायचा, तोंडानं फुंकायचं नाही. पावसाळ्यात काचेला बुरशी धरू नये म्हणून वहिनींचा घट्ट झाकणाचा मेथीच्या लाडवांचा डबा पळवलास. औषधाच्या बाटल्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या जमवून त्यात टाकल्यास आणि वर लेन्स झोपवल्यास. कितीही घासला तरी डबा आपला वास सोडेना.

"वास येऊन राहिला तुझ्या लेन्सले," मी म्हटलं.

"बाळंतिणीसारखी ठेवली आहे तिले, येईनच."

पावर हाउसच्या बाजारातल्या एका मोच्याकडून तू कॅमेऱ्याला पट्टा शिवून घेतलास. त्यानं पट्टा शिवता शिवता विचारलं, किस चीज का है, आणि तू त्याला अर्धा तास समजावलंस. त्याच्या हातांचे फोटो काढलेस, त्या पस्तीसनं. त्या लेन्सनं लांबून चोरून काढता येत नाही, जवळ जावं लागतं, बोलावं लागतं. तू सदतीस वर्षं रुळांशी बोललेला माणूस. मी पुस्तकांच्या कपाटांमागे नोकरी करणारी. आपण दोघं बोलायला शिकलो ते त्या बिस्किटाच्या पुड्यामुळे. फळवाल्या, रिक्षावाले, स्टेशनबाहेर पेपर विकणारी ती म्हातारी. तू फोटो काढायचास आणि मी नाव विचारायची. याबद्दल मी तुझी ऋणी आहे. मी हे कधी म्हटलं नाही. तूही ऐकून घेतलं नसतंस.

पण त्या म्हातारीचा फोटो कुठे आहे? पुसलास. मागे सायकलचं चाक आलं होतं.

मी काढलेला एक होता, आठवतो? तू चहा पीत होतास आणि मी घाईत दाबलं. रविवारी तो टेबलावर आला. "हे कोनाचं काम? जमीन वाकडी."

"माझं. जमीन नाही, मी वाकडी उभी होते."

"जमीन वाकडी," म्हणालास आणि पुसलास. तुझा होता तो. तुझ्या बशीतून वाफ निघत होती.

तेव्हा मी हसले होते. आईच्या वेळी हसले नाही.

त्या फोटोनंतर आई चारच महिने होती. व्हरांड्यात तांदूळ निवडत बसली होती, सूप मांडीवर. तू समोर गुडघ्यावर. ती म्हणाली, "अरे, कवळी तरी घालू दे," आणि तिचं तिलाच हसू आलं. बोळक्या तोंडानं हसली, आणि हात तोंडाकडे नेला, तोवर तू दाबलं होतंस. मागच्या छोट्या पडद्यावर मी तो फोटो पाहिला. हात हललेला, चेहरा जरासा मऊ, सुपातले तांदूळ मात्र एकेक मोजता येतील असे. मी म्हटलं, हा मला दे. तू हो म्हणालास. मी ऐकलं आहे तुझं हो. रविवारी मला शाळेतल्या पुस्तकांची मोजणी होती, येता आलं नाही. सोमवारी विचारलं तर म्हणालास, "तो? फोकस सुपावर होता. तांदूळ शार्प, आई नाई."

चार महिन्यांनी आई गेली. भिंतीवर लागला तो तू पास केलेला: आई खुर्चीत ताठ, कवळी घातलेली, नाकाच्या शेंड्यापासून पदराच्या काठापर्यंत सगळं धारदार. ओळखपत्रासारखी. आपली आई अशी कधी बसली होती का रे?

दोन वर्षं मी गप्प बसले. यंदाच्या श्राद्धाला त्या फोटोला हार घालताना मला सहन झालं नाही. पानं वाढलेली होती आणि मी म्हटलं, "दादा, तू आईला रिजेक्ट केलंस."

"आईले नाई. फोटोले."

"तिचं हसू होतं त्यात."

"फोकस नव्हता."

"कोणाला हवाय फोकस?"

तेव्हा तू मला ती गोष्ट सांगितलीस, जी तू वहिनींनाही सांगितली नव्हतीस. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शिफ्ट संपत आली होती आणि एका रुळावर तुला केसासारखी रेघ दिसली. वाटलं, ओरखडा आहे. पास केलास. पुढच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या इन्स्पेक्टरनं तो पकडला. चीर होती, आतपर्यंत. त्यानं नुसता खडू तुझ्या हातात दिला. "त्याच्यावरून रेल्वे जाते, लायब्ररी," तू म्हणालास. "वरतं माणसं बसून राहतात. झोपलेले."

मला ते समजलं. खरंच समजलं. आणि समजूनही मी म्हटलं, "फोटोवरून गाडी जात नाही, दादा."

तू म्हणालास, "सवय आहे." आणि भात कालवायला लागलास. मी न जेवता उठले. पुढचे तीन रविवार मी तुझ्याकडे आले नाही. फोनही केला नाही. ते माझं आहे, ते मी माझं बघेन. पण तुझं तुला सांगितल्याशिवाय मी राहणार नाही.

त्याच श्राद्धाच्या सकाळी मी तुझी पिशवी उचलून बाजूला ठेवली होती. हलकी लागली. विचारलं, "मोठी लेन्स नाही?"

"नाई नेत आता. छोटीच बरी. हलकं बरं."

मला केवढं बरं वाटलं! मी पहिल्यापासून म्हणायची की पक्ष्यांमागे लागण्यापेक्षा तुला ती छोटीच शोभते. वाटलं, एकदाचं ऐकलंस माझं. तेरवीच्या दिवशी वहिनी भांडी लावता लावता म्हणाल्या, की महिन्याभरापासून तुझा डावा हात खांद्यापासून दुखत होता. मोठी लेन्स उचलवत नव्हती. जिना चढताना तू मधे थांबायचास आणि कॅमेरा डोळ्याला लावायचास, म्हणजे कोणाला वाटावं की फोटो काढतो आहेस. वहिनींनी दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणालास, गॅस आहे. आणि वर बजावलंस: "लायब्ररीले नोको सांगू. ते पुस्तक उघडून बसन."

हो, बसले असते! पुस्तक उघडून बसले असते, बोट ठेवून वाचून दाखवलं असतं आणि तुला हाताला धरून नेलं असतं.

खंड्या पक्ष्याच्या डोळ्यावरून केसभर फोकस ढळला तर तू फोटो ठेवत नव्हतास. सायकलचं चाक चालत नव्हतं, वाकडी जमीन चालत नव्हती, आईचं हसू चालत नव्हतं. आणि हे चाललं? तुला चीर दिसली होती. तू सदतीस वर्षं चिरा पाहिलेला माणूस. रूळ असता तर मिल थांबवली असतीस. स्वतःवर मात्र सही करून मोकळा झालास.

निखिलनं पिशवी ठेवली त्या दुपारी मी तुझ्यासारखा टॉवेल अंथरला. तुझ्यासारखाच चष्मा बदलला. ठरवलं होतं, तुझे नियम लावायचे, शेवटचं एकदा, कारण वहिनींची तशी इच्छा आहे. पहिला फोटो सोमवारचा, तारेवर खंड्या. निर्दोष. चोच, डोळा, तारेचा पीळसुद्धा. पास. पुढे मग एकही नाही. तलाव हललेला. बगळा हललेला. वहिनी पाठमोऱ्या पोळ्या लाटताहेत, लाटणं नुसतं एक पांढरा पट्टा. बाथरूमच्या आरशात तू, कॅमेऱ्यामागे, चेहरा विरघळलेला. चौथ्या-पाचव्या फोटोनंतर मला कळलं की दोष कॅमेऱ्यात नाही आणि घाईतही नाही. तुझा हात थरथरत होता. दिवसागणिक जास्त. ते तुला पडद्यावर दिसत होतं. फोटोत येणार तेच आधी दिसतं, तूच शिकवलंस मला.

मग बुधवार आला. सव्वापाच वाजता, असं खाली लिहिलेलं होतं. निळं फाटक. त्यावर पत्रपेटी. आत व्हरांडा, वेताची खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेला पेपर.

माझं घर.

पाच फोटो आहेत. चार हललेले, पाचव्यात फाटकाची कडी तेवढी स्वच्छ. रस्त्याच्या पलीकडून काढलेले नाहीत. छोट्या लेन्सनं कडी एवढी मोठी यायची तर फाटकापासून दोन हातांवर उभं राहावं लागतं. तू तिथे उभा होतास. माझ्या स्मृतीनगरपर्यंत आला होतास, त्या हातानं स्कूटर चालवत. मी आत होते, दादा. शाळा दोनला सुटते, सव्वापाचला माझा चहा असतो, तुला माझा दिवस घड्याळासारखा पाठ होता. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तू, पाच वेळा बटण दाबलंस. फाटकाच्या उजव्या हाताला आणखी एक बटण होतं. बेलचं.

का नाही वाजवलीस? कशाची वाट पाहत होतास, फोकसची?

काही म्हणाला नसतास तरी चाललं असतं. मी दार उघडलं असतं, तुझा चेहरा पाहिला असता. मी डॉक्टर नाही, पण राख्या बांधताना तुझा चेहरा दरवर्षी जवळून पाहिलेली बाई आहे. मला दिसलं असतं. आणि मग गुरुवारी आपण दवाखान्यात असतो.

मग मी उरलेले पाहिले. शुक्रवारी फक्त आठ. शनिवारी अकरा, सगळे तलावाचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त कललेला. शेवटच्यात बांधावरचं गवत आहे आणि कोपऱ्यात तुझ्या बुटाचं टोक. मी पहिल्या हललेल्या तलावाकडे परत गेले, तुझ्या नियमाप्रमाणे बटण दाबलं. कॅमेऱ्यानं विचारलं, पुसू का? हो, नाही. अंगठा 'हो'वर होता. तुझं बोट इथे किती हजार वेळा थांबलं असेल आणि किती वेळा डगमगलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. मी नाही दाबलं. कॅमेरा बंद केला, टॉवेलची घडी घातली आणि तशीच स्कूटर काढून सिविक सेंटरला गेले.

तुझा तो दुकानदार भला आहे. हात जोडले. कार्ड मशीनला लावलं, पाहत गेला आणि अवघडला.

"मॅडम, ये तो आधे से ज्यादा हिले हुए हैं. साहब तो एक-दो ही निकलवाते थे."

"सब निकालिए."

"सब? ये गेटवाला पाँच बार है."

"पाँचों."

"और ये घासवाला?"

"वो भी."

त्यानं पावती फाडली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट घेऊन मी जुनवानीला तुझ्या घरी गेले. निखिल बॅग भरत होता. वहिनींनी टेबलावर पाकीट ओतलं आणि पहिल्या दहा-बारा फोटोंतच त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय आणलं ताई? एकबी साफ नाई. त्यायचा हात कापून राहिला होता ते लोकायले दाखवाचं का?"

"लोकांना नाही. आपल्याला."

"त्यायले आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण निखिल बॅग सोडून दारात येऊन उभा राहिला. "त्याला आवडलं नसतं म्हणूनच आणलेत. आपल्याला काय दिसावं हे आयुष्यभर त्यानंच ठरवलं, वहिनी. आता बस झालं."

वहिनी पाहत गेल्या. एकेक उचलून, उजेडाकडे धरून, खाली ठेवून. पोळ्यांच्या फोटोपाशी थांबल्या. "मले मालूमच नाई, कवा काढला." मग आरसा आला, तुझा विरघळलेला चेहरा. तो त्यांनी बराच वेळ हातात धरला. मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी फोटो टेबलावर आपटला.

"एवढा हात कापत होता," त्या म्हणाल्या, "अन् मले म्हणत होते गॅस! मी ओवा देत होती या मानसाले. रोज. गरम पान्यात. अन् हे पीत होते, चुपचाप!"

तू गेल्यापासून त्या पहिल्यांदा तुझ्यावर ओरडल्या. 'देवमाणूस' म्हणणाऱ्यांसमोर त्यांनाही मान हलवावी लागली होती, माझ्यासारखीच. निखिल म्हणाला, "मम्मी..." आणि मी त्याला हातानं थांबवलं. ओरडू दे. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि मीही सुरू केलं. बेलचं सांगितलं. हलक्या पिशवीचं सांगितलं. त्यांनी जिन्याचं सांगितलं, मग सायकलच्या चाकाचं मी, मग पळवलेल्या डब्याचं त्या. अर्धा तास आम्ही दोघींनी तुला फैलावर घेतलं, आणि मधेच कुठेतरी वहिनी डब्यावरून हसल्या, आणि हसता हसता पुन्हा चिडल्या. निखिल तिसऱ्या खुर्चीत येऊन बसला. त्यानं गवताचा फोटो उचलला. "बुटाची लेस सुटली आहे त्यांची," तो म्हणाला. आम्हाला दोघींना ते दिसलं नव्हतं.

निखिलची गाडी वेळेवर सुटली. कॅमेरा आणि तिन्ही लेन्स तो घेऊन गेला. वहिनींनी लाडवांचा डबाही दिला, पुड्यांसकट. त्यानं नवीन कार्ड विकत घेतलं. जुनं माझ्याकडे आहे, भरलेलं.

फोटो वहिनींकडे जेवणाच्या टेबलावरच आहेत. अल्बममध्ये लावलेले नाहीत. मी म्हणते काढले त्या क्रमानं लावू, त्या म्हणतात पोळ्यांचा आधी. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाते, पोहे खाते आणि आम्ही यावर भांडतो. आम्ही दोघी तुझ्यावर अजून रागावलेल्या आहोत. फोटो एकशे त्रेचाळीस आहेत. सगळे आहेत.